वाळूवर अडकलेल्या जेलीफिश: चार पानांचा एक पेपर तपासून वाचताना

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये एक ठरलेलं काम असतं: एखादा पेपर घ्या आणि त्याची समीक्षा लिहा. अशा समीक्षा वाचल्या तर बहुतेकींचा साचा एकच दिसतो. आधी तीन परिच्छेद सारांश, मग 'नमुना लहान आहे', शेवटी 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे'. ही वाक्यं कुठल्याही पेपरबद्दल, तो न वाचताही लिहिता येतात, आणि म्हणूनच त्यांचा उपयोग नाही. समीक्षेत खरं बघायचं असतं ते एवढंच, की लेखकांनी आपल्या पुराव्यावर किती ओझं टाकलंय आणि तो पुरावा त्यातलं किती पेलतो.

हे करून दाखवायला मी मुद्दाम एक छोटा पेपर घेतलाय. जेम्स हॅगडॉर्न, रॉबर्ट डॉट आणि डॅन डॅमरो यांचा हा पेपर २००२ साली 'जिऑलॉजी' या नियतकालिकात आला. पानं १४७ ते १५०, म्हणजे फक्त चार. विषय आहे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मोसिनी गावाजवळच्या दगडखाणीत सापडलेले जेलीफिशचे ठसे. वय साधारण ५० कोटी वर्षं. शीर्षकाचा मराठीत अर्थ लावायचा तर 'उत्तर कँब्रियन किनाऱ्यावर अडकून पडलेल्या'.

माझं मत आधीच सांगून ठेवायला हरकत नाही. पेपरचा मुख्य दावा टिकतो, आणि चांगला टिकतो. पण तो ज्या प्रकारच्या पुराव्यावर टिकतो, त्या पुराव्याच्या आवाक्याबाहेरच्या दोन गोष्टी लेखक जाता जाता म्हणून जातात. त्या कुठल्या आणि का, हे समजलं की स्वतःच्या प्रबंधातही तीच चूक पकडता येते.

दावा नेमका काय आहे

आधी अडचण समजून घेऊ. जेलीफिशच्या शरीरात जवळपास ९५ टक्के पाणी. हाड नाही, कवच नाही, दात नाहीत. जीवाश्म व्हायला सोयीचं असं अंगात काहीच नाही. ज्या थोड्या जेलीफिश दगडात टिकल्या, त्या बहुतेक अतिशय बारीक गाळात: जर्मनीतल्या झोलनहोफेनचा चुनखडक किंवा कॅनडातला बर्जेस शेल. बारीक गाळात नाजूक अवयवांची नक्षी उमटू शकते. जाड वाळूत ते होत नाही. वाळूच्या कणांमधून पाणी आणि हवा सहज खेळते, शरीर कुजतं, आणि पुढची लाट ठसा पुसून टाकते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू ही जेलीफिशचा जीवाश्म शोधण्याची जवळपास शेवटची जागा.

आणि विस्कॉन्सिनचे ठसे आहेत नेमके वाळूतच. माउंट सायमन–वॉनवॉक नावाच्या वालुकाश्मात किमान सात थरांच्या पृष्ठांवर शेकडो ठसे आहेत, दहा-दहा सेंटिमीटरच्या मापात मोजावेत इतके मोठे. लेखकांचं म्हणणं असं: या जेलीफिश किनाऱ्यावर येऊन अडकल्या, तिथेच मेल्या आणि वाळूखाली गाडल्या गेल्या. अशी सामूहिक अडकण दगडात टिकल्याची उदाहरणं तेव्हा त्यांच्या हिशोबाने जगात फक्त दोन होती, त्यातलं हे एक. हे ठसे आजच्या सायफोझोआ गटातल्या, म्हणजे आपण ज्यांना खऱ्या जेलीफिश म्हणतो त्यांच्या, किनाऱ्यावरच्या ठशांशी जवळपास तंतोतंत जुळतात. छत्रीच्या आतल्या बाजूची कड आणि मधली जठराची पोकळी, दोन्हींच्या खुणा दिसतात. आणि यावरून असं सुचतं की कँब्रियन समुद्रात मोठे, मऊ शरीराचे, पाण्यात तरंगणारे प्राणी विपुल होते.

हे म्हणजे चार वेगवेगळे दावे झाले: एक, या जेलीफिश आहेत. दोन, त्या अडकून मेल्या. तीन, त्या आजच्या सायफोझोआसारख्या आहेत. चार, समुद्रात असे प्राणी विपुल होते. वाचताना हे चारही एका दमात गिळले जातात. समीक्षेची पहिली पायरी म्हणजे ते सुटे करणं.

गोल दिसलं की जेलीफिश

पहिल्या दाव्याकडे संशयाने बघायला सबळ कारण आहे. दगडावर काहीही गोल दिसलं की त्याला जेलीफिश म्हणायची या क्षेत्राला जुनी सवय आहे.

चार्ल्स वॉलकॉट हे बर्जेस शेल जगासमोर आणणारे भूशास्त्रज्ञ. १९११ मध्ये त्यांनी 'पेटोइया' नावाच्या जेलीफिशचं वर्णन केलं. अननसाची चकती असावी तसा आकार, मधे भोक. १९८५ मध्ये हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी दाखवलं की ही चकती म्हणजे अॅनोमॅलोकॅरिस जातकुळीच्या मोठ्या शिकारी प्राण्याचं तोंड आहे. वॉलकॉट यांचीच आणखी एक जेलीफिश, अलाबामातली 'ब्रूक्सेला', पाकळ्यापाकळ्यांची. शंभरहून जास्त वर्षं तिच्यावर वाद चालला. २०२३ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तो प्राणीच नाही. गाळात तयार झालेला खनिजाचा गोटा आहे.

सर्वांत शिकवणारं उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियाचं. १९४६ मध्ये रेग स्प्रिग यांना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इडिआकारा टेकड्यांत गोल ठसे मिळाले. १९४७ च्या पेपरच्या शीर्षकात त्यांनी या ठशांना 'पूर्व कँब्रियन (?) जेलीफिश' म्हटलं. प्रश्नचिन्ह कुठे आहे बघा. 'पूर्व कँब्रियन' पुढे आहे, 'जेलीफिश' पुढे नाही. स्प्रिग यांना वयाची शंका होती, ओळखीची नव्हती. पुढे वयाची शंका खरी ठरली: ते खडक कँब्रियनपेक्षा जुने निघाले, आणि त्या काळालाच आज इडिआकारन म्हणतात. पण ओळखही घसरली. इंग्लंडमधल्या चार्नवूड फॉरेस्टमध्ये आणि इतरत्र अशा गोल चकत्यांना पानासारखा एक जीव जोडलेला सापडला. म्हणजे अशा अनेक चकत्या समुद्रतळाला धरून ठेवणाऱ्या मुळासारख्या बुडख्याच्या होत्या. काही चकत्या सूक्ष्मजीवांच्या वसाहती असाव्यात, असं ग्राझदान्किन आणि गेर्डेस यांनी २००७ मध्ये मांडलं.

स्प्रिग कच्चे संशोधक होते असा याचा अर्थ नाही. त्यांची नजर नसती तर तो सगळा काळच उशिरा कळला असता. मुद्दा असा की ज्या गोष्टीवर शंका घ्यायचं सुचतच नाही, तिथेच शंकेची गरज जास्त असते. आपल्या पेपरमध्येही आपण प्रश्नचिन्ह सोयीच्या जागी ठेवतो.

हा पेपर त्या सापळ्यातून कसा सुटतो

मग विस्कॉन्सिनचे गोल ठसे वेगळे कशाने? आकाराने नाहीत. आकारावर अवलंबून राहिलं असतं तर हा पेपरही त्याच रांगेत गेला असता. या पेपरचं बळ असं की तो 'हे कशासारखं दिसतं' इथे थांबत नाही. 'हे इथे कसं घडलं' हे विचारतो.

पुढची मांडणी माझी आहे. पुरावा तपासताना अशी यादी कागदावर करावी असं मला वाटतं. वाळूत गोल खूण कशाकशाने होऊ शकते?

खालून वायू किंवा पाणी वर आलं तर गोल खड्डा पडतो. पण मग त्याच्या खाली थर कापत जाणारी नळी दिसायला हवी.

खनिजाचा गोटा असेल तर तो खडकाच्या आत वाढतो. त्याला थराच्या पृष्ठाशी काही देणंघेणं नसतं, तो थर ओलांडूनही जातो.

एखादा देठ वाऱ्याने किंवा प्रवाहाने गोल फिरला तर वाळूवर कंपासने काढावीत तशी वर्तुळं उमटतात. त्यांच्या रेषा रेखीव असतात आणि मधे देठ रोवल्याची जागा असते.

समुद्रतळाला धरून ठेवणारा बुडखा असेल तर तो प्राणी जिथे वाढला तिथेच राहतो, आणि कुठेतरी देठाचा अवशेष सापडण्याची आशा असते.

आणि किनाऱ्यावर अडकलेली जेलीफिश? तिचा ठसा थराच्या वरच्या पृष्ठावर हवा, किनाऱ्याच्या इतर खुणांसोबत. एका भरतीत अनेक जणी येतात, म्हणून एका पृष्ठावर पुष्कळ ठसे हवेत. जिवंत अडकली असेल तर ती छत्री आकुंचित-प्रसरित करत राहते; पाण्यात असती तर पुढे गेली असती, वाळूवर मात्र तिच्या कडेभोवती कडं तयार होतं. या धडपडीत वाळू तिच्या पोकळीत शिरते. शरीर कुजून गेल्यावर मधे वाळूचा उंचवटा उरतो, भोवती कडं.

विस्कॉन्सिनच्या ठशांत नेमका हा शेवटचा संच एकत्र सापडतो. मधला उंचवटा, बाहेरचं कडं, एकाच पृष्ठावर दाटीवाटी, आणि हेच पुन्हा पुन्हा किमान सात पृष्ठांवर. यातली एकेक खूण सुटी घेतली तर दुसऱ्या कशानेही होऊ शकेल. सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगतात, म्हणून त्या वजनदार. याची तुलना करायला आजच्या किनाऱ्यावरची निरीक्षणंही हाताशी होती. डेव्हिड ब्रुटन यांनी १९९१ मध्ये ऑरेलिया या नेहमीच्या जेलीफिशवर किनाऱ्यावर आणि प्रयोगशाळेत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले होते.

या पुराव्याला मी 'घटनेचा पुरावा' म्हणेन. दुसरा प्रकार 'अंगाचा पुरावा'. फरक स्पष्ट करायला एक जोडी घेऊ. २०२३ मध्ये बर्जेस शेलमधून 'बर्जेसोमेड्यूसा' या जेलीफिशचं वर्णन आलं. १८२ नमुने, वय सुमारे ५०.५ कोटी वर्षं, छत्रीच्या कडेला ९० पेक्षा जास्त आखूड तंतू. तिथे प्राण्याचं अंगच समोर आहे, त्यामुळे ओळख अवयवांवरून होते. विस्कॉन्सिनमध्ये अंग जवळपास नाहीच. प्राण्याने मरताना वाळूवर जे केलं ते आहे. पायाचा ठसा आणि पाय यांत जो फरक, तसाच काहीसा हा.

घटनेचा पुरावा दुय्यम असतो असं समजू नका. पहिल्या दोन दाव्यांसाठी, म्हणजे 'या जेलीफिश आहेत' आणि 'त्या अडकून मेल्या' यांसाठी, तोच जास्त भक्कम. गोल आकार फसवू शकतो, धडपडीचा क्रम सहज फसवत नाही. त्यामुळे पहिले दोन दावे मला मान्य आहेत.

जिथे ओझं जास्त होतं

आता तिसरा दावा. ठसे आजच्या सायफोझोआच्या अडकण्याशी 'जवळपास तंतोतंत' जुळतात. हे वाक्य हळू वाचा. तुलना कशाची कशाशी आहे? एका अडकण्याची दुसऱ्या अडकण्याशी. प्राण्याची प्राण्याशी नाही. छत्रीच्या आकाराचा, मधे पोकळी असलेला, आकुंचन पावणारा कुठलाही मऊ प्राणी वाळूवर अडकला तर साधारण असाच ठसा उमटेल. छत्री सायफोझोआला असते, क्युबोझोआला असते, हायड्रोझोआतल्या अनेकांनाही असते. पेपरच्या सारांशात नोंदवलेल्या खुणा दोनच: छत्रीची कड आणि जठराची पोकळी. या दोन खुणांनी हे गट एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

आजच्या प्राण्यांच्या बाबतीतही आपली नजर किती ढोबळ असते, हे मुंबईकरांना सांगायला नको. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात, लोकांना डंख होतात, आणि बातम्यांत 'जेलीफिशचा हल्ला' येतो. ते ब्लूबॉटल सायफोझोआ नाहीतच. हायड्रोझोआ गटातल्या अनेक जीवांची मिळून बनलेली ती वसाहत असते. समोर ताजा प्राणी असताना ही गत, तर ५० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूतल्या कड्यावरून गट सांगणं म्हणजे धाडसच. बर्जेसोमेड्यूसाचे तंतू मोजता येतात, तरीही तिचं वंशवृक्षातलं स्थान ठरवायला लेखकांना वेगळं विश्लेषण करावं लागलं.

म्हणजे 'सायफोझोआसारखं अडकणं' हे पेपर दाखवतो. वाचणारा मात्र 'सायफोझोआ' घेऊन घरी जातो. हा घसरा लेखकांचा किती आणि वाचकांचा किती, यावर वाद घालता येईल. पण संदर्भ देताना तुम्ही 'कँब्रियन सायफोझोआ सापडले' असं लिहिलंत, तर चूक तुमची.

चौथा दावा: मोठे तरंगते मऊ प्राणी कँब्रियन समुद्रात विपुल होते. लेखकांनी 'सुचतं' असं सौम्य क्रियापद वापरलंय हे खरं. पण सौम्य क्रियापदाने तर्कातली फट बुजत नाही. किनाऱ्यावर किती प्राणी पडले हे समुद्रात किती होते यावर जसं ठरतं, तसंच वारा कुठून होता, भरती किती चढली, किनारा किती उथळ आणि सपाट होता यावरही ठरतं. जेलीफिश थव्याने येतात. एका खाडीत एका आठवड्यात हजारो आणि पलीकडे एकही नाही, असं आजही होतं. शेकडो ठसे म्हणजे शेकडो स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. मोजायचंच तर घटना मोजा: किमान सात. सात घटनांवरून एका किनाऱ्याबद्दल बोलता येतं. समुद्राबद्दल बोलायला आणखी किनारे हवेत.

यात एक छेद-संख्येचा प्रश्नही दडलाय. सात पृष्ठांवर ठसे आहेत. ठसे नसलेली किती पृष्ठं तपासली? दगडखाणीत फरशीसाठी थर सुटे केले जातात, म्हणून एरवी कधीच दिसली नसती अशी मोठमोठी पृष्ठं उघडी पडतात. हे ठसे सापडण्यात जीवाश्म गोळा करणाऱ्या डॅमरो यांचा वाटा मोठा. ते विद्यापीठातले नव्हेत, आणि त्यांचं नाव लेखकांत आहे ही या पेपरची चांगली बाजू. पण खाणीतून आलेला नमुना खाणीच्या सोयीने निवडला जातो. 'दुर्मीळ' हा शब्द वापरताना हे लक्षात ठेवायला हवं. ठसे दुर्मीळ आहेत, की वालुकाश्माची एवढी मोठी पृष्ठं कोणी बघतच नाही?

'नव्हतं म्हणून टिकलं'

ठसे का टिकले, याचं स्पष्टीकरण बरंचसं अभावांवर उभं आहे. मृत शरीर खाणारे प्राणी किनाऱ्यावर नव्हते. वाळू उकरून ढवळणारे फारसे नव्हते. त्यामुळे पुढच्या वाळूने झाकलं जाईपर्यंत ठसा तसाच राहिला. आज किनाऱ्यावर पडलेल्या प्राण्याला कावळे, खेकडे आणि किडे फार वेळ शिल्लक ठेवत नाहीत, हे डोळ्यांसमोर आणलं की हे स्पष्टीकरण लगेच पटतं. आणि लगेच पटणारं स्पष्टीकरण जरा जास्त तपासावं.

कारण या परिसरातल्या वालुकाश्मात प्राण्यांच्या चालण्याचे मागही आहेत. 'क्लायमॅक्टिकनाइटीस' म्हणजे टायरच्या खुणेसारखा रुंद माग, बहुधा गोगलगायीसारख्या सरपटणाऱ्या मोठ्या मऊ प्राण्याचा. 'प्रोटिकनाइटीस' म्हणजे अनेक पायांच्या प्राण्याचा माग. म्हणजे किनारा अगदी निर्मनुष्य, खरं तर निष्प्राण, नव्हता. ओल्या वाळूवर कोणीतरी फिरत होतं. अशा मागांचं एक प्रचलित स्पष्टीकरण असं, की वाळूवर सूक्ष्मजीवांचा सायीसारखा थर होता आणि तो खायला हे प्राणी येत. हा थर वाळू धरूनही ठेवतो. मग ठसा टिकला तो खाणारे नव्हते म्हणून, की साय होती म्हणून? दोन्ही कारणं एकाच वेळी लागू असू शकतात, पण त्यांची भाकितं वेगळी आहेत. पहिलं खरं असेल तर किनाऱ्यावर भक्षक आल्यानंतर असे ठसे जवळपास बंद व्हावेत. दुसरं खरं असेल तर साय जिथे कुठे टिकली, तिथे नंतरच्या काळातही ते मिळावेत.

इथे पेपरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. चांगला दावा पुढे कुठे बघायचं हे सांगतो, आणि या दाव्याने ते सांगितलं. २००८ मध्ये हॅगडॉर्न आणि बेल्ट यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम वालुकाश्मातून अशाच अडकलेल्या जेलीफिश नोंदवल्या. २०१७ मध्ये सॅपेनफील्ड, टार्हान आणि ड्रोझर यांनी कॅलिफोर्नियातल्या झॅब्रिस्की क्वार्ट्झाइटमधून आणखी जुन्या, पूर्व कँब्रियन, अडकणीची नोंद केली. त्यांच्या शीर्षकातच प्रश्न आहे: ही जीवाश्म होण्याची आगळी खिडकी, की किनाऱ्यावरचा रोजचाच एक दिवस? २००२ च्या पेपरला विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. २०२० मध्ये यंग आणि हॅगडॉर्न यांनी शीर्षकात 'हळूहळू बंद होत गेलेली खिडकी' अशी प्रतिमा वापरली.

अजूनही माझ्या मते एक काम बाकी आहे: नकारांची मोजणी. कँब्रियननंतरचे तसेच सपाट किनारे, तशीच वाळू, तितक्याच चिकाटीने तपासून 'इथे नाही' असं नोंदवणं. असे पेपर छापायला कठीण असतात, म्हणून कोणी लिहीत नाही. पण त्यांच्याशिवाय 'खिडकी बंद झाली' आणि 'आपण तिकडे बघितलं नाही' यांत फरक करता येत नाही.

उलटा धरलेला जीवाश्म

हॅगडॉर्न यांचंच नाव असलेला आणखी एक पेपर या वाचनात घ्यायला हवा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मेझन क्रीक इथे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळतात, लोहयुक्त गोट्यांच्या पोटात. त्यात 'एसेक्सेला' इतकी मुबलक, की हौशी लोक तिला 'ब्लॉब', म्हणजे नुसता गोळा, म्हणतात. १९७९ पासून ती जेलीफिश मानली जायची: वर छत्री, खाली पडद्यासारखा झगा. २०२३ मध्ये प्लॉटनिक, यंग आणि हॅगडॉर्न यांनी हजारो नमुने बघून ती उलटी केली. ज्याला छत्री म्हणत होते तो गाळात रुतवायचा बुडखा, आणि झगा म्हणजे धड. जेलीफिश नव्हे, सी-अॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल.

मग विस्कॉन्सिनचंही असं होईल का? विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. माझं उत्तर: या बाबतीत धोका कमी. मेझन क्रीकचे गोटे मुख्यतः कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांतून वेचले गेले. गोटा मूळ थरात कुठली बाजू वर करून पडला होता, हे ढिगाऱ्यात हरवतं. विस्कॉन्सिनच्या थरांत लहरींच्या खुणा आहेत, त्यामुळे वर कुठलं आणि खाली कुठलं हे खडकच सांगतो. पुन्हा तेच: प्राण्याचा आकार दोन्हीकडे संदिग्ध, पण एका ठिकाणी त्याचं खडकाशी नातं शाबूत आहे आणि दुसरीकडे ते तुटलेलं.

हे नातं न तपासल्याचं आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे, जरी ते जेलीफिशचं नसलं तरी. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या एका गुहेत, 'ऑडिटोरियम केव्ह' मध्ये, डिकिन्सोनिया हा इडिआकारन जीव सापडल्याचा पेपर ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी 'गोंडवाना रिसर्च' मध्ये लिहिला. पणाला काय लागलं होतं? विंध्य खडकांच्या वरच्या भागाचं वय. जीवाश्म खरा असेल तर ते खडक सुमारे ५५ कोटी वर्षांचे. इतर पुरावे १०० कोटींच्या आसपास सांगत होते. २०२३ मध्ये जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी जागेवर जाऊन बघितल्यावर दाखवलं, की तो मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष आहे. तो खडकाच्या थरात नव्हता, खडकाला बाहेरून चिकटलेला होता आणि सुटत चालला होता. रिटॅलॅक यांनी ते मान्यही केलं. फोटोत आकार हुबेहूब जुळत होता. खडकाशी असलेलं नातं मात्र जुळत नव्हतं.

तुमच्या प्रपोजलसाठी

हे सगळं जीवाश्मांपुरतं नाही. तुमचा विषय बोलींचा असो, बँकेच्या कर्जांचा असो, की पेशींचा. पुरावा अंगाचा आहे की घटनेचा, हा प्रश्न लागू पडतो. शिलालेखातला मजकूर एक सांगतो, तो दगड कुठे आणि कसा उभा होता हे दुसरं. मुलाखतीत माणूस जे म्हणाला ते एक, कोणासमोर आणि कशासाठी म्हणाला ते दुसरं. दोन्ही वापरा, पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

समीक्षेसाठी कुठलाही पेपर हातात घेतलात तर हे करून बघा. त्याच्या सारांशातले दावे सुटे करून एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर कुठल्या पुराव्याने तो उभा आहे ते लिहा. ज्या दाव्यासमोरची जागा रिकामी राहील, किंवा शेजारच्या ओळीतला पुरावा उसना आणावा लागेल, तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा. २००२ च्या या पेपरमध्ये अशी दोन चिन्हं येतात, चारांपैकी दोन दावे भक्कम राहतात, आणि चार पानांच्या पेपरसाठी हा हिशोब माझ्या मते चांगला आहे. मग तेच आपल्या प्रपोजलच्या सारांशावर करा. गाइडकडे पाठवायच्या आधी.